पेल्यांतली निळाई

दुपारचे चार वाजत आले आहेत. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाशेजारी कपाळ टेकलेल्या निलांबरीची जाग काठाकाठाने विरघळते आहे. समोर कुजक्या फणसाची साल आणि तिच्यावर बुरशीचे मोहरीएवढे पिवळे पेले. नमुन्याच्या पाकिटावर बुरशीचं नाव आहे ते गव्हाणकरबाईंच्या अक्षरातलं, तिला बुरशी ओळखायला शिकवणाऱ्या बाईंच्या. त्यावर निलांबरीने आज रेघ ओढली आहे. पाच वाजता बुरशींची यादी छापायला जाणार. पेल्यातल्या बीजाणूंच्या नळ्यांची टोकं आयोडीनने निळी झाली, तर बाईंचं नाव खरं. तिला ती तांबडी दिसली. "बाई, तुमची नजर आता साथ देत नाही," असं तिने फोनवर सांगितलं होतं. "असेल," बाई म्हणाल्या. नवव्या दिवशी त्या गेल्या.

टेबल ओलं होत जातं. ओढ्यात आडवा पडलेला फणसाचा ओंडका आहे तो. त्यावर पदर खोचून बाई बसल्या आहेत, पातेल्यात तांदूळ धुताहेत.

"बस गं. ओलं आहे, पण बस."

"बाई, पाच वाजता यादी जायचीय."

"जाईल की. तुझी घाई काय आजची आहे?"

ओढ्याला नळ आहे. हे बाईंचं स्वयंपाकघर. तांदळाच्या पाण्यावर पिवळे पेले तरंगतात. निलांबरी ते वेचू लागते. वेचावेत तितके पुन्हा उगवतात.

"तांबडंच होतं, बाई. मी तीनदा पाहिलं."

"तीनदा पाहिलंस. धुतलंस किती वेळा?"

निलांबरी आणखी एक पेला वेचते.

"तांदूळ न धुता वैरतेस का कधी? आयोडीनच्या आधी पोटॅशचं पाणी, नाहीतर निळंही तांबडं दिसतं, हे पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. तुझ्या नावातच आहे ते निळं, आणि काचेवर दिसू नये तुला?"

"मग फोनवर का नाही बोललात?"

बाई पातेलं तिच्याकडे सरकवतात. "मला वाटलं, खरंच नजर गेली असेल."

जाग येते तेव्हा साडेचार झाले आहेत. कपाटातल्या पोटॅशच्या बाटलीचं सील अजून तसंच आहे. ते फोडताना तिला आपल्या बोटांची टोकं दिसतात, पांढरी, सुरकुतलेली, तासभर पाण्यात राहिल्यासारखी. त्याच बोटांनी ती पेल्याचा पापुद्रा धुते, आयोडीनचा थेंब सोडते, डोळा लावते.

टोकं निळी होताहेत.

पाकिटावरची रेघ मात्र शाईची आहे.