बारा टेबलं, तीन रांगा

बहात्तरच्या दुष्काळात आमची चूल पेटायची ती आईच्या पाट्यांवर. येडशीकडच्या रस्त्याच्या दुष्काळी कामावर बायका एका लांब रांगेत उभ्या राहायच्या आणि मुरमाच्या पाट्या हातोहात पुढं द्यायच्या. शेवटच्या टोकाला माझी आई. मधली एखादी उन्हानं चक्कर येऊन बसली की पुढचं सगळं काम ठप्प, आणि मुकादम शिव्या द्यायला आईच्या टोकाला हजर.

एक दिवस आईनं पाटी खाली आपटली. "एकाच रांगेवर समदा भार कशाला? तीन करा. एक थांबली तर दोन तर चालतील."

"तू काय विंजनेर लागून गेलीस व्हय गं?" मुकादम म्हणाला. पण चार दिवसांनी रांगा तीन झाल्या.

विंजनेर तिचा मुलगा झाला. औरंगाबादला इंजिनिअरिंग शिकलो, आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि हे सांगताना मी आवाज बारीक करत नाही. जिल्ह्यातल्याच एका सहकारी कारखान्यात विजेच्या कामावर लागलो.

ऐंशीच्या दशकात कारखान्याच्या ऑफिसला पुण्याहून नवं फर्निचर यायचं ठरलं. प्लायवूडची पार्टिशनं, त्यांच्या पोटात वायरीसाठी पोकळी, दर टेबलाला प्लग. टेबलं बारा. वायरिंगचा आराखडा माझ्याकडं. कोण पंखा लावणार, कोण दिवा, कुणाकडं बेरजेचं मशीन, हे मी एकेकाला विचारत फिरलो. मग तीन सर्किट काढली. चार-चार टेबलांना एक, प्रत्येकाला वेगळा फ्यूज.

मॅनेजरनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "एवढं जाळं कशाला? एका टेबलातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. भिंतीत एक प्लग. विषय संपला."

"पहिल्या वायरवर बाराही टेबलांचा भार येईल, साहेब. लाकडाच्या आत तापेल, कुणाला दिसणारबी न्हाय."

"फ्यूज उडाला तर जाड तार घालू. आमच्या वायरमनला ते कॉलेजात न जाता येतं."

दाराशी उभा असलेला म्हातारा वायरमन, सगळ्यांचा मामा, हसला.

"अजून कायम व्हायचंय तुम्हाला," मॅनेजर म्हणाले. "नोकरी करायची का न्हाय?"

"करायचीय. म्हणूनच सांगतोय."

मी तिथंच कोऱ्या कागदावर त्यांच्या मनासारखा, एका ओळीचा आराखडा काढला आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. "हा माझा. याच्यावर माझी सही आहे. हा तुमचा. खाली तुमची सही करा, मामा उद्याच जोडतील."

पेन त्यांच्या खिशालाच होतं. ते बाहेर निघालं नाही.

"काही झालं तर जबाबदारी तुमची," म्हणाले आणि माझा कागद वायरमनकडं सरकवला.

"माझीच."

पुढच्या उन्हाळ्यात टपाल बघणाऱ्या कारकुनानं चहासाठी गपचूप हीटर टेबलाच्या प्लगला लावला. फट्! चार टेबलांवरचे पंखे थांबले. आठ फिरत राहिले. मॅनेजर बाहेर आले, फिरणाऱ्या पंख्यांकडं पाहिलं आणि आत गेले. वायरमन जाड तार घेऊन बोर्डाशी उभा होता.

"बारीकच घाला, मामा. जाड तार उडत न्हाय, मग आतली वायर जळते."

त्यांनी बारीकच घातली.

रविवारी घरी गेल्यावर आईला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "बाकीच्यांचं चालू राहिलं न्हवं?"

राहिलं. मी कायम झालो. बारा टेबलांचं काम माझ्या आराखड्यानं झालं, आणि मी तिथं होतो तोवर त्यातली एकही वायर जळाली नाही.