विकायची कॉफी

आत्याबाई म्हणजे अख्ख्या जगाच्या आत्याबाई. मळ्यावर तोडणीला येणाऱ्या बायकाही त्यांना आत्याबाईच म्हणत. खरा भाचा एकच, आणि तो शहरात.

भावाच्या माघारी कॉफीचा मळा त्यांनीच सांभाळला. लाल फळं हौदात ओतायची, वर तरंगतील ती पोकळ म्हणून बाजूला काढायची, बुडालेली सोलायची, धुवायची, वाळवायची, आणि शेवटी मांडी घालून एकेक फुटका, किडका दाणा वेचून काढायचा. बोलायला घरात चिटपाखरू नाही. म्हणून बाई सोलणीच्या यंत्राशीच भांडत. "आज काय नखरे तुझे? चल मुकाट्यानं!" यंत्र अडलं की त्यांना जरा बरंच वाटे. तेवढंच कोणीतरी रुसायला!

भाच्याने शहरात कॉफीचं दुकान थाटलं होतं. फक्त आपल्या मळ्याची कॉफी, बाहेरचा एक दाणा मिसळणार नाही, ही त्याची ऐट. यंदा गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा आत्याबाईंनी मनाशी पक्कं केलं, जायचं आणि त्याला सरळ सांगायचं, आता घरी ये, मला एकटीला होत नाही. खरं तर होत नाही यापेक्षा करमत नाही हेच मोठं दुखणं होतं, पण ते सांगायची लाज वाटत होती.

दुकान लहान, पण गजबजलेलं. भाच्याने त्यांना कौतुकाने मधल्या खुर्चीत बसवलं आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, "ही माझी आत्या. तुम्ही पिता ती कॉफी हिच्या हातची!" मग त्याने इवल्याशा कपात एस्प्रेसो आणून ठेवली.

आत्याबाईंनी कपात डोकावून पाहिलं. "बाकीची सांडली की काय रे?"

सगळे हसले. आत्याबाईंनी घोट घेतला, आणि त्यांचा चेहराच बदलला.

"ही आपली नव्हे."

"काय म्हणतेस, आत्या?"

"आपली कडूजहर असते, घशात राखेसारखी बसते. ही चक्क गोडसर लागतेय. काय मिसळलंस यात? लोकांना फसवतोस?"

गिऱ्हाइकांनी हातातले कप खाली ठेवले. भाचा आत गेला आणि पोतं ओढत घेऊन आला. तोंडाशी निळ्या सुतळीचे टाके होते, आत्याबाईंच्याच हातचे.

"आत्या," तो हळूच म्हणाला, "आपण घरी कुठली कॉफी पितो?"

"कुठली म्हणजे? वेचून काढलेली. फुटकी, तरंगलेली. चांगली कोणी घरात पितं का? ती विकायची असते..." बोलता बोलता त्या थांबल्या. ज्या दाण्यांपायी जन्मभर कंबर मोडली, त्यांची चव आज पहिल्यांदा जिभेला लागली होती. आणि बाईंनी केलं काय, तर चार लोकांत पोराला चोर ठरवलं! धन्य त्या आत्याबाई!

"चुकले रे मी," त्या म्हणाल्या. आणि आता अब्रू गेलीच आहे तर तेही बोलून टाकलं. "घरी ये. मला खायला उठतं ते घर."

भाच्याने त्यांचा हात धरला. "मी नाही येणार, आत्या. माझं सगळं इथेच आहे. तूच ये इकडे. मळा देऊ कोणाला तरी कसायला."

"तो बुडालेली आणि तरंगलेली एकत्र करील. मग तू इथे काय विकशील?"

भाच्याने पोत्यावरच्या निळ्या टाक्यांकडे पाहिलं. त्याचं दुकान चालायचं तर आत्याबाईंनी तिकडे एकटीने राहायला हवं, हे दोघांनाही कळून चुकलं.

आत्याबाई संध्याकाळच्या गाडीने परतल्या. सकाळी त्यांनी विकायच्या पोत्यातले मूठभर दाणे काढले, तेही आपल्याच घरात इकडेतिकडे बघत. तव्यावर भाजले, कुटले, उकळले. कॉफी सुरेख झाली होती. कोणाला तरी "घोटभर घेऊन तर बघ" म्हणावं म्हणून त्या कप घेऊन दारात आल्या. तोडणी संपली होती, मळ्यात कोणीच नव्हतं. गार व्हायच्या आत त्यांनी ती एकटीनेच पिऊन टाकली.