गावकीत मत मागणाऱ्या हिराबायकडे नारळ घेऊन

यंदाच्या सप्ताहात प्रवचनाला हिराबायना बोलवायचं, हे मी कमिटीच्या गळी उतरवलं तेव्हा दोघं जण उठूनच गेले. उरलेल्यांनी अट घातली, "बाईंनी देवाचं बोलावं. मताचं काढू नये." आईच्या शेवटच्या आजारात आम्ही मायलेक मोबाईलवर हिराबायची प्रवचनं ऐकत बसायचो. त्यांनी एकदा आमच्या देवळात बोलावं, एवढीच माझी इच्छा. निमंत्रणाचा नारळ पिशवीत घातला आणि पुरंदरातून त्यांच्या उरणकडच्या गावाला निघालो. अट ऐकून त्या नाही म्हणतील, ही धाकधूक वाटभर होती.

स्वारगेटवरून पनवेलला एसटी मिळते. मुक्काम खांदा कॉलनीत भाच्याकडे केला. ओळखीचं कुणी नसेल तर स्टँडच्या आसपास साधी लॉज आहेत. सकाळी लवकर उरणची बस धरावी, कारण जासईच्या रस्त्यावर एकदा कंटेनरचे ट्रेलर लागले की गाडी हलत नाही. दोन्ही बाजूंना रंगीत पेट्यांचे डोंगर आणि मध्येच खाडीचं चमकणारं पाणी. गवत दिसलं की मला बरं वाटायचं.

त्यांच्या गावच्या फाट्यावर उतरून रिक्षा केली. रिक्षावाल्यानं विचारलं, "कोनाकडं? हिराबायकडं? अवो, आमच्या गावकीला रडवलाय तिनं!" मग हसला. "बसा. मावशी हाय माजी."

गावकी म्हणजे गावाची बैठक. देऊळ, जत्रा, भांडणं, सगळं तिथं ठरतं. घरटी एक मत, तेही पुरुषाचं. हिराबाय तरुणपणी विधवा झाल्या आणि त्यांच्या घराचं मत दिराकडे गेलं. त्या प्रत्येक बैठकीला मांडवाबाहेर जाऊन बसू लागल्या. एकट्याच. पुढे इतर बायका येऊ लागल्या. कित्येक वर्षांनी गावकी नमली आणि प्रत्येक बाईला मत मिळालं.

हिराबाय सत्तरीच्या, गळ्यात तुळशीची माळ. माझ्या पुढ्यात तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं आलं. मागच्या पडवीत सून मासे तळत होती. मी नाक मुरडायचं आवरतोय हे त्यांना कळलं.

"माजी माळ, तिची मासली. देव दोगींचा," त्या म्हणाल्या.

सून आतून ओरडली, "आई, पावन्यांना इचारा तरी!"

"माळकरी हायेत गो. छळू नको."

मी विचारलं, "एवढं लढलात, मग प्रवचनाकडे कशा वळलात?"

त्या बराच वेळ हसल्या. "मत मिळाला ना, पयल्याच बैठकीत मी बोलले, देवळाम्होरं बायांसाठी शाळा बांधू. शिवन शिकवू, वाचाया शिकवू. बाया बोलल्या, नको, आमाला पालखी नवी पायजे. हात वर! मीच पडले. घरी येऊन रडले. मंग मना कळला, मना त्यांचा मत नको होता. माजाच मत त्यांच्या तोंडून पायजे होता. त्या दिसापासून पोथी उघडली."

हे ऐकल्यावर अट सांगायला माझी जीभ रेटेना. तरी सांगितली.

"नारळ कोनी दिला?"

"कमिटीनं."

"कमिटीत बाया किती?"

"एकही नाही."

"मंग गावच्या बायांना इचारा. त्या नको बोलल्या तर मी येनार नाय, रुसनार बी नाय. अट घालायची ती त्यांनी घालावी." नारळ त्यांनी हातात घेतला नाही. घेतला की शब्द दिल्यासारखं होतं. "तितं माज्या देव्हाऱ्यात ठेवा. तोपर्यंत तो देवाचा."

परतीच्या एसटीत माझं मन थाऱ्यावर नव्हतं. बायकांना विचारायचं म्हणजे नक्की कसं विचारायचं, हेच मला ठाऊक नव्हतं. आमच्या गावात तसं कधी कुणी विचारलंच नव्हतं.

कमिटीचे अध्यक्ष कुरकुरले, पण मी हट्ट धरला. बायका देवळात जमल्या आणि त्यांनी आम्हाला बाहेर काढलं. आम्ही पारावर बसून राहिलो. आतून कधी हसणं, कधी भांडण ऐकू येई. शेवटी माझी बायको दारात आली.

"बोलवा त्यांना. त्यांना हवं ते बोलू देत. पण आमची एक अट आहे. सप्ताहात आम्ही दरवर्षी मागं चुलीपाशी असतो. त्या दिवशीचा महाप्रसाद तुम्ही रांधायचा."

अध्यक्ष म्हणाले, "आम्हाला भात तरी येतो का?"

"येईल. आम्हालाही कुणी आईच्या पोटात शिकवला नव्हता."

हिराबाय आल्या. मंडप बायकांनी भरला होता. त्या मताचं बोलल्या की देवाचं, ते मला नीट सांगता येणार नाही. मी मागे वांगी चिरत होतो. कर्ण्यातून एखादं वाक्य यायचं, तेवढ्यात कुणी मीठ मागायचं, कुणी "करपतंय!" म्हणून ओरडायचं. मंडपात हशा पिकला की आम्ही एकमेकांना विचारायचो, "काय म्हणाल्या?" आणि कुणालाच ठाऊक नसायचं.

आईनं जन्मभर प्रत्येक सप्ताह असाच ऐकला असणार. आजारपणात मोबाईल उशाशी ठेवून ती म्हणायची, "आज अख्खं ऐकलं रे."