शिडी कोणाच्या ताब्यात?

ती घटना आजही आठवली, की मी मनातल्या मनात एका सासूबाईंशी भांडायला लागतो. पन्नासच्या दशकातली गोष्ट. चांदा जिल्ह्यात, सिरोंच्याच्या वाटेवर, जंगलातल्या एका लहानशा ठाण्याचा मी ठाणेदार होतो. त्यातली माणसं आज असतील, नसतील, म्हणून नाव कोणाचंच देत नाही.

सकाळची हजेरी आटोपून मी रोजनामचा लिहीत होतो. बाजारात मीठ-तंबाखू विकणारा एक दुकानदार धापा टाकत आला. आमचा अधूनमधूनचा खबऱ्या.

"ठाणेदारसाहेब, गजब झाला! एका बुढीनं जावयाले मचानावर कोंडलं. शिडीच काढून नेली. मानूस वर तडफडून राह्यला अन् बुढी खाली विळा घेऊन बसली. वावर खायाचं हाय तिले!"

"तू पाहिलंस?"

"नाई जी, मी कायले जातो तिकडं? लोकं बोलून राह्यले."

एरवी पाच वेळा विचारल्याशिवाय तोंड न उघडणारा हा माणूस आज घडाघडा बोलत होता. पाणी कुठंतरी मुरतंय हे कळत होतं, पण एक जीव वर टांगलेला असताना शंका चघळत बसायला सवड नव्हती. जमादाराला घेतलं आणि निघालो.

धान पिवळं पडत आलं होतं. जंगलाला लागून असलेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, चार खांबांवर उंच मचाण होतं. अस्वलांच्या भीतीनं खांबांना काटेरी फांद्या बांधलेल्या, त्यामुळं शिडीशिवाय उतरणं अशक्य. वर तिशीतला एक माणूस पोटाशी गुडघे घेऊन पडला होता. घामानं निथळत होता, नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. खाकी दिसताच तो ओरडायला लागला.

"साहेब, उतरवा मले! मरून राह्यलो मी!"

खाली, थोड्या अंतरावरच्या बांधावर, मांडीवर विळा ठेवून एक म्हातारी बसली होती. ती उठलीसुद्धा नाही.

"बाई, शिडी कुठं आहे?"

"घरी."

"का काढली?"

"जावाईबापूनं सांगतलं."

"अहो, आता तोच उतरवा म्हणतोय! ऐकू येत नाही?"

"थो आवाज जावाईबापूचा नाई साहेब. थो अफूचा हाय."

मी मुळातच तापट. माझा पारा चढला. माणसाला डांबून ठेवायचं आणि वर शहाणपणा शिकवायचा! बेड्या घालीन म्हणून दम दिला आणि जमादाराला शिडी आणायला पिटाळलं. म्हातारी शांतपणे उठली, भोपळ्याच्या तुंब्यात पेज भरली आणि मचाणावरून लोंबणाऱ्या बारीक दोरीला बांधून वर पाठवायला गेली.

तेव्हा एक गोष्ट घडली. मला, सरकारला, देवालासुद्धा शिव्या घालणारा तो माणूस ती जवळ येताच एकदम गप्प झाला. धोतराचा सोगा तोंडावर ओढून, पाठ करून बसला. मला वाटलं, किती दहशत बसवलीय हिनं! पण पेज तो प्यायला, आणि ती दूर होताच पुन्हा बोंबलायला लागला. ज्याची दहशत असते त्याच्या हातचं माणूस असं निर्धास्त पीत नाही. शिडी खांद्यावर घेऊन आलेल्या जमादाराला मी हे सांगितलं. तो इथलाच.

"साहेब, भेव नाई थे, लाज हाय," तो म्हणाला. "आमच्याकडं जावाई सासूसमोर तोंड वर करून बोलत नाई. सासूबी त्याच्याशी थेट बोलत नाई."

त्याच्यामागोमाग त्या माणसाची बायको आली होती, कडेवर तान्ही मुलगी घेऊन. मी तिची जबानी घेतली. नवरा जंगलातून सागाचे ओंडके ओढणारा गाडीवान. अंगदुखीसाठी अफू घेता घेता अफूच त्याला खायला लागली. चार दिवसांपूर्वी ही सरपणाला गेली असताना पोर रडायची थांबेना, म्हणून त्यानं तिला अफूचं बोट चाटवलं. तेव्हा हे घरोघरी चालायचं. पण याचं बोट नशेतलं, त्याला अंदाज कुठला? पोर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उठलीच नाही.

"उठली तवा थो लई रडला साहेब," ती म्हणाली. "मग म्हने, मले मचानावर टाका. तू शिडी राखशीन तं मी रडलो की लावशीन. भाऊबी लावीन. मामीपुढं मले रडता येत नाई. शिडी मामीपाशी द्या."

सासूला तो मामी म्हणे. मी वर पाहिलं आणि चरकलोच. पट्ठ्यानं आपला तुरुंग आणि तुरुंगाधिकारी, दोन्ही स्वतः निवडले होते!

"आणि विळा कशाला?" मी म्हातारीला विचारलं.

"काल थो मीठवाला आला. बांबूच्या टोकाले पानात अफू बांधून वर देऊन राह्यला होता. त्याच्यावरच उगारला, तवापासून हातीच हाय."

आता पाणी कुठं मुरत होतं ते कळलं. 'मी कायले जातो तिकडं' म्हणणाऱ्याला विळ्याची खबर होती ती अशी! गिऱ्हाईक सुटू नये म्हणून लेकाचा पोलिसांकडून शिडी लावून घ्यायला निघाला होता. त्याच दिवशी पंचांसमक्ष झडती घेतली. मिठाच्या पोत्यात चोरटी अफू सापडली आणि खबऱ्या लॉकअपमध्ये गेला.

पण वरचा माणूस वरच होता. दवाखान्याचे डॉक्टर मी बोलावून घेतले. ते शिडीनं वर चढले, नाडी पाहिली आणि खाली येऊन माझ्यावरच उखडले.

"हे औषध आहे का? कोंडवाडा आहे! मात्रा हळूहळू कमी करायची असते. मेला तर जबाबदार कोण?"

"हळूहळू करून पाह्यलं," म्हातारी म्हणाली. "थोडी आम्ही देत होतो, बाकी मीठवाला देऊन जाये."

दोघांचंही खरं होतं, हीच अडचण. शेवटी मी ठरवलं. डॉक्टर रोज येतील, मीठ-साखरेचं पाणी पाजतील, आणि त्यांनी धोका म्हटलं की ताबडतोब दवाखाना. आणि शिडी? ती ना म्हातारीच्या अंगणात, ना माझ्या ठाण्यात. ती मचाणावर, त्याच्याच ताब्यात. उतरायचं की नाही, तो ठरवील.

"आजच उतरन," म्हातारी म्हणाली.

"उतरला तर उतरला. कायदा याहून जास्त करू शकत नाही."

शिडी पुन्हा लावली. तो थरथरत दोन पायऱ्या उतरलाही. म्हातारीनं पदर पुढं ओढला आणि माझ्याकडं बघत म्हणाली, "साहेब, त्याईले सांगा, उतराचं असन तं उतरा. पोरीले मी सांभाळीन. पन त्याईच्या हाती देनार नाई."

त्याला सगळं ऐकू येत होतं, तरी मी आपला ठाणेदारी थाटात निरोप पोचवला. त्यानं शिडीला कवटाळून खाली पोरीकडं पाहिलं. मग मला म्हणाला, "मामीले सांगा, मी वर चाललो." वर गेला आणि शिडी ओढून घेतली. 

धान कापणीला आलं तेव्हा तो उतरला, तो कायमचा. डॉक्टर शेवटपर्यंत म्हणत राहिले, नशिबानं वाचला. असेलही. दुसऱ्या कोणी हाच उपाय करायचं म्हटलं असतं, तर मी परवानगी दिली नसती. पण माणसाला सोडवायला धावताना, तो नक्की कोणाच्या तावडीत आहे हे आधी पाहावं, एवढं मी त्या बांधीत शिकलो.

तो उतरला त्या दिवशी मी तिथं होतो. हाडांचा सापळा झाला होता, पण पाय स्थिर होते. म्हातारी पोरीला घेऊन पुढं आली. मी निरोप्याच्या तयारीनं घसा खाकरला. पण तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. सगळ्या गावासमोर, सगळी रीत मोडून, ती थेट त्याला म्हणाली, "बापू, घ्या पोरीले."

त्यानं हात पुढं केले आणि लगेच मागं घेतले.

"थांबा मामी," तो म्हणाला, "हात धुवून येतो."