ओतिलियाच्या घराचं तोंड

आमच्या बेटावर घर बदलायचं म्हणजे घरच ओढून न्यायचं. दर भरतीला समुद्र दरड खायला लागला, तसं ओतिलिया बार्रियानंही तेच केलं. गावानं इर्जिक घातली, म्हणजे सगळ्यांनी फुकट राबायचं आणि तिनं डुक्कर कापून जेवण द्यायचं; तावदानं काढली, घराखाली ओंडके सारले, बैल जुंपले आणि ते लाकडी घर डुलत डुलत टेकाडावर चढवलं.

ओतिलिया एकटी बाई. बटाटे लावायची, डुकरं पाळायची आणि तोंडानं कुणाला हार जायची नाही. नाद एकच, वाचायचा. त्यातही लेखक एकच, ह्याच बेटांवर जन्मलेला, दर्यावरच्या माणसांच्या गोष्टी लिहिणारा. त्याची पुस्तकं तिनं फाटेस्तोवर वाचलेली. आणि नेमकं घर हलवायच्या दिवसांत तिच्या हाती त्याचं चरित्र पडलं.

आमची रीत अशी, की घर टेकवताना मालकानं समोर उभं राहून तोंड कुठं ते सांगायचं. दुसऱ्यानं त्यात बोलायचं नाही. मी आघाडीच्या बैलजोडीला होतो. ओतिलिया दगडावर बसून पुस्तकात बुडालेली.

"आक्का, असंच टेकवू का?"

"टेकव की," ती म्हणाली. मान काही वर केली नाही.

टेकवलं. संध्याकाळी तावदानं बसली, चूल पेटली, ती खिडकीशी गेली, तर समोर माझी मेंढरं. दर्या पाठीमागं!

त्या दिवसापासून बाईचं बूड कुठं टेकेना. भांडी खोक्यातच. खुर्ची आज ह्या भिंतीला, उद्या त्या भिंतीला. दोन पानं वाचायची, उठायचं, पावसात घराला वळसा घालून दर्या बघून यायचं, ओली शाल चुलीवर टांगायची, परत दोन पानं.

"भिंतीला भोक पाडून देऊ का?" तिचा धाकटा भाऊ रोसामेल म्हणाला.

"भोकातनं बघायला मी काय कोंबडी हाय?"

"मग घर फिरवून घे."

तिनं खुर्ची उचलून दुसऱ्या भिंतीला लावली. फिरवायचं म्हणजे पुन्हा दारोदार जायचं, पुन्हा डुक्कर कापायचं, आणि वाचत बसले होते हे ज्याच्या त्याच्या उंबऱ्यावर कबूल करायचं. त्यात बटाट्याची काढणी तोंडावर आलेली, मग कुणाचे बैल मोकळे नसणार. आत्ता नाही विचारलं, तर हिवाळाभर मेंढरंच बघायची.

एक दिवस मी दूध द्यायला गेलो, तर ते चरित्र हातात धरून बाई पेटलेली. "वाच हे! लबाड मेला. जल्मभर राजधानीत, चौथ्या मजल्यावर ऱ्हायला. खिडकीबाहेर दुसऱ्याची भिंत. आन् तिथं बसून लाटा लिवतोय! त्या लाटांपायी मी रडले व्हते रे."

चुलीशी बसलेल्या रोसामेलला आयतंच सापडलं. "बघ आक्का. त्याचं भिंतीवर भागलं, तुझं मेंढरांवर भागंना व्हय?"

"त्याला लिवता येत व्हतं, गाढवा. दिसत न्हवतं तर लिवून काढायचा. मला काय येतंय? मला नुसतं बघता येतंय."

एवढं बोलली आणि शाल घेऊन निघालीच. पहिल्यांदा माझ्याच दारात उभी राहिली. मी तिच्या मागोमाग पोचलो. माझी बायको उंबऱ्यात होती.

"मी वाचत बसले व्हते," ओतिलिया तिला म्हणाली. "हसायचं तर आत्ताच हसून घे. आन् बैल धाड."

बायको पोटभर हसली. मग बैल धाडले. दुसऱ्या दारांतही तेच झालं.

ह्या खेपेला ओतिलिया घरासमोर उभी राहून एवढी ओरडत होती, की बैल बिचकले. डावीकडं, आणखी डावीकडं, मुडद्यांनो, थांबा! दुपार कलली तेव्हा घर टेकलं. खड्ड्यातल्या तापल्या दगडांवर शिजलेल्या शिंपल्या आणि मांस निघालं, सफरचंदाची दारू फिरली, आणि तेवढ्यात धुकं आलं. असलं दाट, की कुंपणसुद्धा दिसेना.

ती आत जाऊन खिडकीशी उभी राहिली. आम्ही दारात घोटाळलो. कुणाला हसू आवरेना.

"काय दिसतंय गं आक्का?" रोसामेलनं विचारलं.

"जा तुम्ही घरी," ती पाठमोरीच म्हणाली. "मी थांबते."