खापरीमामूंचा पहिला घोट

खापरीमामू माणसाला नावानं ओळखत नसत. तुमच्या घराखालून काय जातं, त्यावरून ओळखत. शेजारच्या सरूकाकू म्हणजे 'झरोक्यावाली', कारण जमिनीखालच्या खापरी नळाला हवा मिळावी म्हणून बांधलेला जुना झरोका त्यांच्या परसात होता. कोपऱ्यावरचा किराणावाला 'वळणावरचा'. आणि मी 'कोरड्या नळावरचे मास्तर'. हायस्कुलात गणित शिकवत मी नगरात पाच-सहा वर्षं काढली होती, चार लोक मला नमस्कार करत होते. पण मामूंच्या लेखी माझी किंमत एवढीच, की माझ्या घराखाली एक नळ आहे आणि त्याला पाणी येत नाही.

बादशाही काळात कुणीतरी भाजलेल्या मातीचे नळ जमिनीखालून टाकून डोंगराकडचं पाणी शहरात आणलं होतं. त्यातले बहुतेक बुजले, काही फुटले, उरलेले लोक विसरले. आमच्या आळीच्या तोंडाशी दगडी हौद होता, त्यात मात्र एका नळाची धार अजून पडत असे. मामूंच्या घराण्यात या नळांची राखण पिढ्यानपिढ्या होती. आता त्यांना ना पगार होता ना हुद्दा. नळांचा नकाशाही कुठं नव्हता. जो होता तो मामूंच्या पायात होता.

हातातली लोखंडी टोकाची काठी रस्त्यावर आपटत ते चालत आणि भर रस्त्यात मध्येच थबकून कान देत. एकदा त्यांच्यामागे मिलिटरीचा ट्रक अडकला. ड्रायव्हर भोंगा वाजवून वाजवून दमला. मामूंनी वळून ओठांवर बोट ठेवलं आणि गप्प राहा म्हणून खूण केली. तो जवान बिचारा खरंच गप्प बसला. आम्ही पुढं कित्येक दिवस या गोष्टीवर हसत होतो.

नगर तेव्हा भराभर बदलत होतं. औद्योगिक वसाहतीचा भोंगा वाऱ्यावर ऐकू यायचा, जुनी घरं पाडून सिमेंटच्या इमारती उठत होत्या, जिकडेतिकडे पाये खणले जात होते. आम्हाला त्याचं कौतुक वाटे. मामू प्रत्येक खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसून आत बघत आणि तोंड कडू करून उठत.

"गाव दोन मजली हाय, मास्तर," ते मला म्हणत. "वरच्या मजल्याला खालचा म्हाईत न्हाई. वरचे खनत्यात, वततात, बुजवत्यात. खालचा काय बोलत न्हाई. पर समदं ठिवून घेतोय."

बाजारपेठेजवळ एक दिवस मालानं भरलेली बैलगाडी चालता चालता आसापर्यंत रस्त्यात खचली. लोक जमले, बैलांना सोडवलं, कंत्राटदाराला शिव्या घातल्या. मामूंनी महिनाभर आधी त्याच जागी काठीनं फुली मारून ठेवली होती. ती फुली मी रोज शाळेत जाताना तुडवत होतो.

त्यांची एक ताकीद मला खास होती. "कोरडा नळ मेलेला नसतो. निजलेला असतो. तुमच्या घराखालच्याचं त्वांड अजून हौदाच्या नळातच हाय. त्येच्यात काय बी सोडू नका." एखाद्या विद्यार्थ्यानं गृहपाठ न केल्याचं कारण सांगावं आणि आपण मान डोलवावी, तशी मी मान डोलवायचो.

पण आळीत त्यांचा खरा मान सकाळचा. उजाडताना बायका घागरी घेऊन हौदाशी उभ्या राहायच्या आणि मामू येईपर्यंत कुणी घागर बुडवायची नाही, असा रिवाज होता. मामू येत, ओंजळीत पाणी घेत, हुंगत, घोट तोंडात घोळवून गिळत. मग म्हणत, "भरा." एवढा एकच शब्द. सरूकाकू म्हणायच्या, "मेल्याचा रुबाब बघा, जसा काही हौद याच्या सासऱ्यानं आंदण दिलाय." पण त्या स्वतः त्या शब्दाआधी कधी घागर बुडवत नसत.

बहात्तरचा पाऊस गेला, तो गेलाच. पुढच्या उन्हाळ्यात रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी घशाखाली उतरत नव्हत्या आणि घरातला नळ चार-चार दिवस कोरडा सुसकारे टाकत होता. हौदाची धार करंगळीएवढी झाली. नेमकं त्याच वर्षी मी घरात नवा, खड्ड्याचा संडास बांधायला काढला होता, आळीतला पहिलाच. टोपलीचा संडास आमच्या हिला लग्न झाल्यापासून नकोसा होता, आणि खरं सांगायचं तर मलाही आळीत पहिला मान हवा होता. बाहेरून येणारी माणसं थेट माझ्या घरी विचारत यावीत, असलं काहीतरी डोक्यात होतं.

खड्डा चार हातांवर कातळाला लागला. पाणी जिरेना. मी शाळेतून आलो तेव्हा गवंडी खुशीत होता.

"मास्तर, नशीब काढलंत," तो म्हणाला. "बाजूला आयती मोरी गावली. पाच घागरी वतल्या, कुठं गेल्या कळलं बी न्हाई. हितंच सोडून देऊ का?"

मी वाकून पाहिलं. भाजलेल्या मातीचा तांबडा नळ होता, फुटक्या तोंडानं माझ्याकडे बघत होता. तो कुठला हे मला ठाऊक होतं. गवंड्याला ठाऊक नव्हतं, हिला ठाऊक नव्हतं, मला मात्र पक्कं ठाऊक होतं. मी म्हणालो, "बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा."

पंधरा-वीस दिवस काहीच झालं नाही. मी मामूंना रस्त्यात टाळू लागलो. मग एका सकाळी हौदाशी गलका ऐकू आला म्हणून मी दातावर राखुंडी तशीच ठेवून बाहेर आलो. मामूंनी ओंजळ दोनदा घेतली होती आणि दोन्ही वेळा थुंकून टाकली होती.

"थांबा," ते म्हणत होते. "कुनी भरू नका. पानी जड लागतंय."

तीस-चाळीस घागरींची रांग होती. घरच्या नळाला पाचवा दिवस होता. सरूकाकू कळवळून म्हणाल्या, "अहो मामू, न भरून चालेल कसं? पोरं रडतायत घरात." कुणी म्हणालं, म्हाताऱ्याची जीभ गेली. कुणी म्हणालं, रोजे धरून धरून चव गेली. मग सगळे माझ्याकडे वळले. शिकलेला माणूस मीच ना आळीतला.

माझ्या तोंडून एक वाक्य निघालं असतं तर काम भागलं असतं. घरी जाऊन मोरी बुजवली असती, आळीनं चार दिवस तोंडात शेण घातलं असतं, संपलं असतं. मी पाण्याकडे पाहिलं. दिसायला ते स्वच्छ होतं. मी म्हणालो, "मामूंचं वय झालंय. पाणी चांगलं दिसतंय. भरा."

मामूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. राग असता तर मी आज निभावून नेलं असतं. ते गोंधळले होते. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या जिभेवरचा त्यांचा विश्वास उडाला होता, आणि तो मास्तर म्हणतो म्हणून. "तुमी म्हनताय तर माझंच चुकलं आसंल," ते म्हणाले. मग आपलं चुकलं हे चार लोकांत कबूल करावं तसं त्यांनी सरूकाकूंच्या हातातला तांब्या घेतला, हौदात बुडवला आणि सगळा पिऊन टाकला.

तिसऱ्या दिवशी आळीत उलट्या-जुलाब सुरू झाले. सात घरांत माणसं आडवी झाली, त्यात सरूकाकूंची नातवंडं होती. ती सगळी उठली. मामू उठले नाहीत.

सरकारी दवाखान्यात मी त्यांना भेटायला गेलो. डोळे खोल गेले होते, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच राहत होती. त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं.

"मास्तर, खरं सांगा. पानी खराब हुतं, का माझी जीभ?"

"पाणी," मी म्हणालो.

त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी कधी विसरणार नाही. "मग बरं झालं," ते म्हणाले. थोड्या वेळानं विचारलं, "कुठून आलं आसंल वो? मला तर एक बी जागा आठवंना." मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. दुसऱ्या दिवशी ते गेले.

मी स्वतःच्या हातानं सिमेंट कालवून ती मोरी बंद केली आणि हिला सांगितलं की वास येतो. हौदाला लोकांनी फळ्या ठोकल्या. पुढं तो बुजवून त्यावर रिक्षांचा थांबा झाला.

मामूंच्या चाळिसाव्याला आळी हौदाच्या पायरीपाशी जमली. मला म्हणाले, मास्तर, मामूंची कदर फक्त तुम्हाला होती, दोन शब्द तुम्हीच बोला. मी बोललो. त्यांची काठी, मिलिटरीचा ट्रक, दोन मजली गाव, सगळं सांगितलं. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. पायरीवरून उतरलो तेव्हा सरूकाकूंनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "त्यांच्या जिवाला शांती मिळाली असेल, मास्तर. तुमच्यासारखा माणूस आळीत आहे म्हणून बरं."