श्रावणातला लसणीचा वास

रत्नागिरीच्या आमच्या घरात वीज येण्याआधी काही वर्षं गॅसचे दिवे होते. पडवीतल्या टाकीत कार्बाइडवर पाणी ठिबकायचं आणि त्याचा गॅस नळीने माजघरात, स्वयंपाकघरात जायचा. नळ्या दादाने वैशाखात स्वतः बसवल्या. तो मुंबईत एका गॅस कंपनीत होता. घरोघर जाऊन गळती तपासणं हे त्याचं काम. वहिनीला इथे ठेवून तो परत गेला. दिवे बघायला सगळी आळी लोटली. आई प्रत्येकाला सांगे, "थोरल्याने केलंन." मी तेव्हा इथल्या साप्ताहिकात बातम्या लिहीत असे. त्यातली एकही आईने कुणाला दाखवल्याचं मला आठवत नाही.

श्रावणात स्वयंपाकघरात लसणीचा वास येऊ लागला. चातुर्मासात आमच्याकडे कांदा-लसूण बंद. आईने वहिनीला धरलं.

"मुंबईची चटक सुटत नाही वाटतं?"

"देवाशपथ, सासूबाई, मी लसणीला हातही लावला नाही."

"मग भिंत खात्ये काय गो लसूण?"

गणपतीचे मोदक वहिनीने करायचे नाहीत, असं ठरलं. ती मागच्या दारी बसून रडे.

माझ्या सायकलच्या दिव्यातही कार्बाइडच होतं. वास मी पहिल्याच दिवशी ओळखला. चुलीपाशी भडका उडू शकतो, हेही मला ठाऊक होतं. मी बोललो नाही. दादाच्या माणसाला आई पहिल्यांदाच टाकून बोलत होती आणि मला ते ऐकायचं होतं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दादा आला. उंबऱ्यातच थांबला.

"आई, आधी चूल विझव."

"अरे, नैवेद्याची तयारी चालल्ये!"

"विझव म्हणतो ना."

त्याने टाकीचं पाणी बंद केलं, दारं-खिडक्या उघडल्या आणि रिठ्याचा फेस मागवला. सांध्यासांध्यावर तो फेस लावत गेला. नळीत उरलेल्या गॅसने चुलीमागच्या सांध्यावर एक बुडबुडा आला, फुगला, फुटला. लगेच दुसरा आला. आई बघत राहिली. मग वहिनीला म्हणाली, "ऊठ गो, सोवळं नेस. मोदक तूच कर."

दादाने गळती बुजवायला सांध्याला सफेदा लावून वर ताग गुंडाळला. हात पुसत मला म्हणाला, "तुझ्या दिव्याला हाच वास येतो. कळलं नाही तुला?"

"सर्दी होती."

"महिनाभर?"

पुढच्या अंकात मी रिठ्याच्या फेसाने गळती शोधण्याची रीत चार ओळींत छापली. ती कुणाकडून कळली, ते लिहिलं नाही.